जीर्णोद्धार आणि जतन : जुन्या गोव्यातील एका वास्तुविशारदाचा धडा

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपल्याकडे पुण्याचा मानला जातो. पडक्या देवळाचे शिखर कोणी बांधून दिले, ओवऱ्या उभ्या केल्या, बारवेतला गाळ काढला, तर गाव त्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या घेते. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या मंदिराकडे पाहताना अहिल्याबाई होळकरांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. जे जीर्ण झाले त्याचा उद्धार करावयाचा, यात वावगे ते काय असणार?

परंतु हाच प्रश्न थोडा निराळ्या रीतीने विचारून पाहावा. जुन्या वास्तूला ‘नीट’ करणे म्हणजे नेमके काय करणे? तिला नव्यासारखी करणे, ती पूर्वी जशी होती असे आपल्याला वाटते तशी करणे, की ती आज जशी उरली आहे तशी आणखी शंभर वर्षे टिकविणे? या तिन्ही गोष्टी सकृद्दर्शनी एकच वाटतात. प्रत्यक्षात त्या एकमेकींच्या विरुद्ध जाऊ शकतात. इतक्या विरुद्ध, की उत्तम शिक्षण घेतलेला, आयुष्यभर हेच काम केलेला आणि हेतूने शुद्ध असलेला वास्तुविशारददेखील एखाद्या वास्तूला वाचविताना तिच्या नाशाचा मार्ग मोकळा करून जातो.

अशा एका वास्तुविशारदाची हकीकत प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे. त्याचे नाव बाल्ताझार द सिल्व्हा काश्त्रु (१८९१–१९६७). तो पोर्तुगीज होता. त्याचे बहुतेक आयुष्य पोर्तुगालमधील जुन्या चर्चेसच्या दुरुस्तीत गेले आणि उतारवयात तो आपल्या शेजारच्या गोव्यात आला. तेथे त्याने जे केले त्याची फळे आजही दर पावसाळ्यात दिसतात. भोकरदनच्या विद्यार्थ्यांना गोव्यातील चर्चशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी आपोआप मिळेल अशी आशा आहे.

युरोपातील जुना वाद

काश्त्रुने काय केले हे समजण्यासाठी त्याच्या आधीच्या शंभर वर्षांतील एक वाद माहीत असणे अवश्य आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपात जुन्या चर्चेसविषयी मोठी आस्था जागी झाली. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्यूक (१८१४–१८७९) या वास्तुविशारदाने पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलचे काम १८४४ पासून आपला सहकारी लास्यू याच्यासह हाती घेतले. त्याची भूमिका अशी, की वास्तूचा उद्धार म्हणजे तिला तिच्या शैलीच्या परिपूर्ण रूपात आणणे; मग ते रूप इतिहासात कधी प्रत्यक्षात नसले तरी चालेल. नोत्र दामवरील उंच निमुळता मनोरा त्याने या विचाराने स्वतःच्या आराखड्याप्रमाणे उभारला. २०१९ च्या आगीत जो मनोरा कोसळताना जगाने पाहिला तो मध्ययुगीन नव्हता, या व्हिओले-ल-द्यूकचा होता.

जर्मनीत याच काळात कोलोनचे कॅथीड्रल पुरे करण्यात आले. १२४८ मध्ये सुरू झालेले आणि सोळाव्या शतकात अर्धवट राहिलेले हे काम १८४२ मध्ये पुन्हा हाती घेतले गेले आणि १८८० मध्ये संपले. त्यानंतरच्या पिढीतील कार्ल शेफर (१८४४–१९०८) हा वास्तुविशारद याच परंपरेतला. त्याने हायडेलबर्गच्या किल्ल्यातील फ्रीडरिशबाऊ ही इमारत १८९७ ते १९०० या काळात नव्याने सजविली. मायसेन येथील कॅथीड्रलच्या दर्शनी बाजूचे जोडमनोरे त्याच्याच आराखड्यावरून उभे राहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये पूर्ण झाले. जुन्या कारागिरांची भाषा आपल्याला अवगत आहे, तेव्हा त्यांचे अपुरे वाक्य आपण पुरे करू शकतो, असा या पिढीचा आत्मविश्वास होता.

या आत्मविश्वासाला विरोध करणारेही होते. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने १८४९ मध्येच बजावले होते, की गेलेली वास्तू परत आणणे हे मेलेल्याला उठविण्याइतकेच अशक्य आहे. त्याच विचाराच्या विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. या संस्थेला लोकांनी गमतीने जे टोपणनाव दिले त्याचा मराठीत अर्थ होतो ‘खरवड-विरोधी मंडळ’. त्या काळी चर्चच्या भिंतींवरचा जुना गिलावा खरवडून आतील दगड उघडा करण्याची लाटच आली होती आणि मॉरिसचा तिला सक्त विरोध होता. हे टोपणनाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गरज पडेल.

जर्मनीत हायडेलबर्गवरूनच ठिणगी पडली. फ्रीडरिशबाऊनंतर शेजारची ओट्टहाइनरिशबाऊ ही पडकी इमारतही पुन्हा छप्पर घालून पूर्ण करावी असा शेफरचा प्रस्ताव होता. कलेतिहासकार गेओर्ग डेहिओ (१८५०–१९३२) याने त्याला जाहीर विरोध केला. आपले काम जुन्याला सांभाळण्याचे आहे, नवे घडवून त्यावर जुन्याचा मुखवटा चढविण्याचे नाही, हे त्याच्या म्हणण्याचे सार. अखेर ओट्टहाइनरिशबाऊ पडकीच राहिली आणि आजही लोक ती तशीच पाहावयास जातात. पुढे १९३१ ची अथेन्सची सनद आणि १९६४ ची व्हेनिसची सनद या दोन्हींत हाच विचार वेगवेगळ्या प्रमाणात उतरला. आपल्याकडे सर जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये पुरातत्त्व खात्यासाठी जी जतन-नियमावली लिहिली तिचाही कल हाच होता. मूळ भाग कितीही मोडका असला तरी नव्या कोऱ्या नकलेपेक्षा तो मोलाचा, असे ती बजावते.

उत्तर पोर्तुगालमधील कार्य

काश्त्रुचे काम ज्या खात्यात झाले ते पोर्तुगालचे इमारती व राष्ट्रीय स्मारके यांचे महासंचालनालय १९२९ मध्ये स्थापन झाले. काश्त्रुकडे प्रथम उत्तर विभागातील स्मारकांचे काम आले आणि पुढे तो देशभरच्या स्मारकांचा मुख्य अधिकारी झाला. उत्तर पोर्तुगाल ही त्या राष्ट्राची जन्मभूमी समजली जाते. बाराव्या-तेराव्या शतकांतील रोमनेस्क शैलीची लहान-मोठी चर्चेस तेथे विखुरलेली आहेत. जाड भिंती, अरुंद खिडक्या, अर्धगोल कमानी आणि अंगावर फारसा साज नाही, असे त्यांचे रूप.

मधल्या सहाशे वर्षांत या चर्चेसवर बरेच काही चढले होते. सतराव्या-अठराव्या शतकांत सोनेरी मुलाम्याची लाकडी वेदी आली, कोठे घंटाघर आले, कोठे निळ्या चित्रांच्या फरशा आल्या आणि भिंतींवर चुन्याचा गिलावा बसला. काश्त्रु आणि त्याचे सहकारी यांना ही सारी भर म्हणजे मूळ वास्तूवर साचलेला मळ वाटत असे. तो काढला की खाली बाराव्या शतकातील शुद्ध चर्च सापडेल, अशी त्यांची श्रद्धा. पासो द सौझा येथील मठाच्या चर्चला १९२७ मध्ये आग लागली होती. अशा ठिकाणी दुरुस्ती हवीच होती. पण दुरुस्तीबरोबर ‘शुद्धीकरण’ही होऊन जाई.

यामागे केवळ कलेची दृष्टी नव्हती. तो सालाझारच्या हुकूमशाहीचा काळ होता. १९४० मध्ये पोर्तुगालने आपल्या राष्ट्रस्थापनेची आठशे वर्षे आणि स्पेनच्या सत्तेपासून मुक्ततेची तीनशे वर्षे एकदमच साजरी केली. राष्ट्राच्या पहिल्या राजांच्या काळची चर्चेस जणू कालच बांधली आहेत अशी ताठ उभी दिसावीत, असे राज्यकर्त्यांना वाटत होते. खात्याच्या पत्रिकेत कामाआधीची आणि कामानंतरची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली जात. आधीचे चर्च पांढरे, थोडे ओबडधोबड, आजूबाजूला घरे बिलगलेली. नंतरचे चर्च नागव्या दगडाचे, मोकळे आणि गंभीर.

येथे एक गोष्ट निसटू देता कामा नये. उत्तर पोर्तुगालचा दगड ग्रॅनाइट आहे. तो कठीण असतो आणि पाणी फारसे पीत नाही. त्यावरचा गिलावा उतरविला तर इतिहासाचे एक पान फाडले जाते हे खरे, पण भिंत बहुधा उभी राहते. त्यामुळे काश्त्रुच्या पद्धतीतील धोका त्याच्याच देशात कधी पुरता उघडा पडला नाही. अनेक वर्षांच्या अनुभवाने त्याची खात्री पटली असावी, की दगड उघडा करण्याने वास्तूचे काही बिघडत नाही.

जुने गोवे आणि १९५२ चा समारंभ

मांडवी नदीकाठचे जुने गोवे ही एके काळी पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी. रोगराईने आणि व्यापार बसल्याने हे शहर ओस पडत गेले. १७५९ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली, १८३४ च्या हुकुमाने इतर धार्मिक संघही बंद झाले आणि १८४३ मध्ये राजधानी म्हणून पणजीवर शिक्कामोर्तब झाले. मठ मोकळे पडले. संत ऑगस्टीनच्या भव्य चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले. आज त्याचा एकच मनोरा उभा आहे. शहर गेले, मोजकी चर्चेस उरली, आणि त्यांच्याभोवती माड उगवले.

उरलेल्यांत सर्वांत मान बॉम जेझूस या चर्चचा. त्याचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये आर्चबिशप आलेक्शु द मेनेझिस यांच्या हस्ते त्याचे अभिषेचन झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव येथे आहे. ते १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर वारले. त्यांचे शव १५५४ मध्ये गोव्यास आणले गेले. ज्या चांदीच्या पेटीत ते आज आहे ती गोव्याच्याच कारागिरांनी १६३६–३७ मध्ये घडविली. खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सहून तोस्कानाच्या ड्यूकने पाठविला आणि तो १६९८ मध्ये बसविण्यात आला. १९४६ मध्ये पोपने या चर्चला बॅसिलिकेचा दर्जा दिला.

१९५२ साली संतांच्या मृत्यूला चारशे वर्षे पुरी होणार होती. पण त्या वर्षाला दुसराही संदर्भ होता. १९४६ च्या जूनमध्ये डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सविनय कायदेभंगाची हाक दिली होती. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला आणि गोव्याची मागणी जोर धरू लागली. त्यावर सालाझारने १९५१ मध्ये घटनेत बदल करून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ असे नाव दिले. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच एक भाग आहे, असे जगाला दाखवावयाचे होते. मग जुन्या गोव्याहून चांगला पुरावा तो कोणता? तेथील चर्चेस जितकी प्राचीन आणि भारदस्त दिसतील तितका हा दावा भारदस्त ठरणार होता.

या कामगिरीवर साठीकडे झुकलेला काश्त्रु गोव्यात आला. त्याने जुन्या गोव्याकडे एकेक इमारत म्हणून पाहिले नाही. त्या सबंध परिसराचे एक स्मारकक्षेत्र करण्याची त्याची कल्पना होती. व्हाइसरॉयची कमान १५९७ मध्ये वास्को द गामाच्या पणतूने आपल्या पणज्याच्या स्मरणार्थ बांधली होती. तीही याच काळात, १९५४ मध्ये, पुन्हा उभारण्यात आली. आणि पन्नाशीच्या त्याच दशकात बॉम जेझूसच्या बाहेरच्या भिंतींवरील चुन्याचा पांढरा गिलावा काश्त्रुच्या मार्गदर्शनाखाली खरवडून काढण्यात आला. आतील तांबडा जांभा दगड उघडा झाला. उत्तर पोर्तुगालमध्ये अनेकवार केलेला प्रयोग येथेही ‘यशस्वी’ झाला. शेजारचे सें कॅथीड्रल पांढरेशुभ्र, आणि समोर बॉम जेझूस मात्र वीटकरी, काळवंडलेले, शतकांचे ओझे वाहणारे. आज गोव्याच्या प्रत्येक चित्रपत्रिकेवर दिसते ते हेच रूप.

पण बांधणाऱ्यांनी ते चर्च असे कधी पाहिलेच नव्हते. पांढरा गिलावा आणि त्यातून उठून दिसणारे काळ्या दगडाचे अर्धस्तंभ व नक्षी, असे त्याचे मूळ रूप. हा काळा दगड बेसॉल्ट, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या ओळखीचा फत्तर. तो उत्तरेकडून, वसईच्या बाजूने, गोव्यात नेला होता. म्हणजे काश्त्रुने जुने रूप परत आणले असे म्हणावे तर तेही नाही. जे रूप कधी नव्हते ते त्याने ‘जुने’ म्हणून दिले.

जांभा आणि चुना

आता या प्रश्नाची भौतिक बाजू पाहू, कारण वाद केवळ रुचीचा असता तर एवढे बिघडले नसते.

जांभा हा दगड तसा विलक्षण. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो, की कुऱ्हाडीने त्याचे चिरे पाडता येतात. हवेत राहून तो टणक होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८०७ मध्ये त्याला जे शास्त्रीय नाव दिले ते ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. लोहाचे अंश असल्यामुळे तो तांबडा दिसतो आणि अंगभर छिद्रे असल्यामुळे पाणी पितो. छिद्रांतून शिरलेले पाणी आतली मऊ माती विरघळवून बाहेर आणते. भिंत आतून पोकळ होऊ लागते, पृष्ठभाग पोपडे धरतो. शेवाळ व झाडांची मुळे ओल्या खाचांत जोर धरतात. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो. आपल्या जालना जिल्ह्यात पडतो त्याच्या कितीतरी पट. त्या पावसापुढे उघडा जांभा म्हणजे छत्रीवाचून उभा केलेला म्हातारा माणूस.

ही छत्री म्हणजे चुन्याचा गिलावा होता. चुनखडी किंवा समुद्रकाठी शिंपले भाजून कळीचा चुना करतात. त्यावर पाणी घातले की तो उकळतो आणि विरतो. वाळूत मळून भिंतीला लावला की हवेतील कर्बद्विप्राणिद वायू शोषून तो हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. त्याचा मोठा गुण असा, की तो पाऊस अडवितो, पण भिंतीला कोंडून टाकीत नाही. आत शिरलेली ओल त्यातून वाफ होऊन बाहेर पडते. भिंत श्वास घेते असे आपण म्हणू. काही वर्षांनी हा थर झिजतो, निघतो, पुन्हा लावावा लागतो. पण झिजतो तो गिलावा, भिंत झिजत नाही. स्वतः झिजून दुसऱ्याला राखणे हेच त्याचे काम. जुने कारागीर हे जाणून होते. त्यांनी चर्चची भिंत जांभ्याची बांधली ती गिलावा गृहीत धरून. तेव्हा गिलावा हा वास्तूवर चढविलेला अंगरखा नव्हे, तो तिची कातडी होती. काश्त्रुने कातडीला अंगरखा समजून ती उतरविली.

ग्रॅनाइटवर शिकलेला धडा जांभ्यावर लागू केला, हे या चुकीचे मर्म आहे. सिद्धान्त सर्वत्र एकच असतो, पण दगड, पाऊस आणि चुना जागोजाग निराळे असतात. हे न ओळखता तज्ज्ञ मनुष्य एका देशातून दुसऱ्या देशात गेला, की त्याचा अनुभवच त्याला फसवितो.

आजचा पेच

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. जुन्या गोव्यातील प्रमुख स्मारके पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या देखरेखीखाली आली आणि १९८६ मध्ये गोव्यातील चर्चेस व मठ यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. बॉम जेझूसमध्ये आजही नित्य उपासना चालते. दर दहा वर्षांनी संतांच्या शवाचे जाहीर दर्शन होते. अलीकडचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. लक्षावधी माणसे ज्या भिंतींच्या आड येऊन जातात त्या भिंती पावसात उघड्या आहेत, ही चिंता बॅसिलिकेच्या धर्मगुरूंनी २०२० मध्ये जाहीरपणे मांडली आणि गिलावा पुन्हा करावा ही मागणी चर्चेत आली.

तर मग गिलावा पुन्हा लावावा हे उघडच नाही काय? येथे पेच आहे आणि दोन्ही बाजू समजून घेण्याजोग्या आहेत.

गिलावा लावावा म्हणणारे सांगतात, की मूळ वास्तू तशीच होती, जांभ्याला आवरण हवेच, आणि शेजारची गिलाव्याची चर्चेस हा डोळ्यांसमोरचा दाखला आहे. उलट बाजू अशी, की सत्तर वर्षांत तांबडे बॉम जेझूस हेच लोकांच्या मनातील बॉम जेझूस झाले आहे. यादीत समावेश झाला तेव्हाही ते असेच होते. दोन पिढ्यांनी ज्या रूपापुढे हात जोडले ते खोटे म्हणून पुसून टाकावयाचे, तर ज्या ‘शुद्धीकरणा’बद्दल आपण काश्त्रुला दोष देतो तेच आपण उलट दिशेने करीत नाही काय? शिवाय झिजलेल्या, ओल धरलेल्या दगडावर नवा गिलावा कसा बसेल, त्याखाली क्षार कोंडले जातील का, हे प्रयोगाने तपासून पाहावे लागेल.

माझ्या मते येथे डेहिओचा विचार वाट दाखवितो, पण अर्धीच. तो म्हणतो, सांभाळा, नवे घडवू नका. याचा अर्थ काहीच करू नका असा होत नाही. गिलावा जर केवळ शोभेसाठी लावावयाचा असता तर तो नवा मुखवटा ठरला असता. तो भिंत टिकविण्यासाठी हवा असेल तर ते जतनच आहे. कसोटी एवढीच, की जे करावयाचे ते वास्तूच्या गरजेसाठी आहे की पाहणाऱ्याच्या आवडीसाठी? काश्त्रुने ही कसोटी स्वतःला लावली नाही. तांबड्या रंगाच्या प्रेमात पडलेल्यांनीही ती लावावी. छोट्या भागावर योग्य चुन्याचा प्रयोग करून, दोन-चार पावसाळे निरीक्षण करून मग निर्णय घेणे हा मधला मार्ग सुज्ञपणाचा वाटतो.

आपल्या अंगणात

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. भोकरदनच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट अशी, की उघडा दगड म्हणजे अस्सल आणि गिलावा म्हणजे मागाहूनचा मळ, हा समज आपल्याही मनात घर करून आहे. वेरूळचे कैलास लेणे आपण काळ्या पाषाणाचे म्हणून ओळखतो. पण त्याच्या अंगावर गिलावा आणि रंग होता, त्याचे अवशेष आजही दिसतात आणि जुन्या लोकांत त्याला ‘रंगमहाल’ हे नाव होते. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवून देण्यात आले. छत्रपती संभाजीनगरचा बीबी-का-मकबरा ताजमहालाशी तोलला जातो आणि संगमरवर कमी म्हणून त्याला हिणवलेही जाते. पण त्याच्या भिंतींवरचा गुळगुळीत चुन्याचा गिलावा ही स्वतंत्र कारागिरीच आहे. तो खरवडून खालचा दगड ‘खरा’ म्हणून उघडा करण्याचे कोणाच्या मनात येत नाही, हे मकबऱ्याचे भाग्य.

दुसरी गोष्ट तज्ज्ञांच्या मर्यादेची. आपल्यापासून जवळच असलेल्या अजिंठ्यात निजामाच्या पुरातत्त्व खात्याने १९२० नंतर लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटू पाहणारा चित्रांचा गिलावा भिंतीला पक्का केला, ते काम मोलाचेच होते. परंतु रंग राखण्यासाठी वर लाखेचा जो लेप दिला तो कालांतराने पिवळट पडला आणि चित्रे झाकोळली. तो थर काढण्यासाठी पुढे आपल्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षे खपावे लागले. चेक्कोनीने अजिंठ्याला काही घातले, काश्त्रुने गोव्यात काही काढले. दोघांच्याही हेतूत खोट नव्हती. फरक इतकाच, की लेप काढता येतो. खरवडलेला साडेतीनशे वर्षांचा गिलावा परत येत नाही. म्हणून जे करावे ते पुन्हा उलटविता येईल असे करावे, हा जतनशास्त्राचा मोठा नियम होऊन बसला आहे.

तिसरी गोष्ट अगदी घरची. आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या दानलेखांत या नगराचे नाव आहे. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. केळणा नदीच्या काठी लेणी आहेत. तालुक्यातच अन्वा येथे ‘मढ’ म्हणून ओळखले जाणारे मध्ययुगीन मंदिर आहे. त्याच्या बाह्यांगावरील विष्णूच्या शक्तिरूपांच्या स्त्रीमूर्ती अभ्यासकांना दुरून खेचून आणतात. याखेरीज गावोगावी अशी देवळे, गढ्या, बारवा आहेत ज्यांची नोंद कोणत्याच यादीत नाही. त्यांचा जीर्णोद्धार कोणी परदेशी तज्ज्ञ करीत नाही, तो आपण करतो. वर्गणी जमते, उत्साह असतो, आणि मग कोरीव खांबांवर तैलरंगाचे हात बसतात, जुन्या चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरले जाते, झिजलेली मूर्ती बाजूस ठेवून नवी आणली जाते. सिमेंट चुन्यासारखे श्वास घेत नाही. आतली ओल बाहेर पडण्यासाठी मग शेजारचा दगड शोधते आणि तो दगड फुटू लागतो. तैलरंगाखाली दगडाची नक्षी तर बुजतेच, ओलही कोंडते. हे सारे भक्तीने होते, म्हणूनच त्याला विरोध करणे अवघड जाते.

विरोध करावा असे माझे म्हणणे नाही. देऊळ ही जिवंत वास्तू आहे, तेथे दिवा लागला पाहिजे आणि छत गळता कामा नये. पण वर्गणीचा पहिला रुपया रंगाला जाण्याऐवजी छतावरचे पाणी वाहून जाण्यासाठी, भिंतीत रुजलेला पिंपळ काढण्यासाठी आणि चुना मळता येणारा एखादा जुना गवंडी शोधण्यासाठी खर्च व्हावा. काम सुरू करण्याआधी वास्तूची छायाचित्रे आणि मोजमापे घेऊन ठेवावीत. हे काम कला शाखेचा विद्यार्थी सहज करू शकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने गावातल्या वयोवृद्धांकडून देवळाची माहिती लिहून घ्यावी, मराठीच्या विद्यार्थ्याने शिलालेखाचा ठसा व वाचन मिळवावे, भूगोलाच्या विद्यार्थ्याने दगड कोठून आला ते पाहावे. संरक्षित स्मारक असेल तर हात लावण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी, कारण कायद्याने ती बंधनकारक आहे.

बाल्ताझार काश्त्रुने आयुष्यात अनेक चर्चेस पडण्यापासून वाचविली असतील. त्याचे ते श्रेय कोणी काढून घेऊ नये. पण त्याचे नाव भारतात लक्षात राहिले ते एका खरवडलेल्या भिंतीमुळे. जुन्या वास्तूपाशी गेल्यावर ती कशी दिसावी हे आपण आधीच ठरवून गेलो, तर ती आपल्याला काय सांगते आहे ते ऐकूच येत नाही. प्रथम तिचे ऐकावे, मग चुन्याची थापी हाती घ्यावी. ‘जीर्णोद्धार’ या शब्दातील पुण्य तेव्हाच पदरात पडेल.